भायखळ्याचे हरवलेले रेसकोर्स

छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच्या एसटीने निघालेला माणूस पहाटे मुंबई सेंट्रलच्या आगारात उतरतो. डोळ्यांवर झोप, हातात पिशवी, समोर टॅक्सीवाल्यांचा गलका. मीही कित्येक वर्षे असाच उतरलो आणि लोकल गाठायला पळालो. याच परिसरात एके काळी घोड्यांच्या शर्यती होत, हे मला फार उशिरा कळले. कळल्यापासून मात्र तिथे उतरलो की पाय थोडा वेळ रेंगाळतातच.

आज आपण महालक्ष्मीचे रेसकोर्स ओळखतो. पण मुंबईतल्या शर्यतींचे जुने घर भायखळ्याचे. भायखळा, आग्रीपाडा, मुंबई सेंट्रल असा हा पट्टा. ही जागा शर्यतींच्या वाट्याला आली ती समुद्रामुळे. मुंबई बेटांची होती तेव्हा वरळीच्या बाजूच्या खिंडीतून भरतीचे पाणी आत घुसायचे आणि बेटाच्या मधल्या खोलगट भागात पसरायचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, त्या खिंडीवर बांध पडला. पाणी हटले, मागे सखल, दलदलीची सपाट जमीन उरली. इंग्रज तिला ‘फ्लॅट्स’ म्हणत. पावसाळ्यात चिखल आणि थंडीत कोरडे, मोकळे मैदान. वस्तीला निरुपयोगी, पण घोड्याला सलग दौड घ्यायला हवी तशी.

शेजारून जाणारा बेलासिस रस्ता, म्हणजे आजचा जहांगीर बोमन बेहराम मार्ग, 1793 मध्ये बांधला गेला. सुरतेकडच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेली माणसे मुंबईत आली होती. लोकवर्गणी काढून, मेजर जनरल बेलासिसच्या देखरेखीखाली त्यांच्या हातांना हे काम दिले गेले. रोजगार हमीचे नाव आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मराठवाड्याच्या माणसाने या रस्त्यावरून जाताना ती लक्षात ठेवावी.

1802 मध्ये मुंबईत टर्फ क्लब उभा राहिला आणि भायखळ्याच्या मैदानाला रेसकोर्सचे रूप आले. ‘भायखळा’ हे नाव भाया नावाच्या माणसाच्या खळ्यावरून आले, असे एक मत आहे. दुसरे मत बहाव्याच्या झाडाकडे बोट दाखवते. मला पहिले पटते. खळ्यावर बैल मेढीभोवती फिरतात आणि पुढे त्याच मातीत घोडे वर्तुळ धरून धावले, ही कल्पना मनातून जात नाही.

धावणारे घोडे बहुतेक अरबी. बसरा, कुवेत, बुशहर इथून गलबतांतून ते मुंबईच्या बंदरात उतरायचे. भेंडीबाजार आणि भायखळ्याच्या बाजूला अरब सौदागरांचे तबेले होते. समुद्राने खंगलेला घोडा आधी चंदी-चाऱ्यावर सावरायचा. मोतद्दार त्याला रोज खरारा करायचे, पाय चोळायचे, नालबंद नाल ठोकायचे, आणि मग गिऱ्हाईक बोलवायचे. शौकिनांसाठी शर्यतीचा घोडा इथेच निवडला जाई, आणि पलटणींसाठी स्वारीचाही. दख्खनच्या छावण्यांना घोडा सतत लागे. आपल्या संभाजीनगरच्या छावणीतही हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या राज्यातल्या फौजेचे घोडदळ होते. त्यातल्या पहिल्या रिसाल्याने 1857 च्या जूनमध्ये बंड केले, त्याची आठवण क्रांती चौकातला काला चबुतरा देतो.

मैदानाजवळच 1833 मध्ये भायखळा क्लब स्थापन झाला. तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश. लॉर्ड कर्झनने 1905 मध्ये हिंदुस्थान सोडताना निरोपाचे भाषण याच क्लबात केले. हिंदी माणसाला दार बंद असलेल्या या क्लबाच्या शेजारच्या मैदानाने मात्र हिंदी मालकांचे घोडे पाहिले. इराणातून येऊन 1840 च्या दशकात मुंबईत स्थिरावलेले इस्माइलींचे धर्मगुरू पहिले आगाखान अरबी घोड्यांचे मोठे शौकीन. त्यांचा तबेला शहरात नावाजलेला होता. 1881 मध्ये ते वारले. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. घोड्यांचे वेड घराण्यात उतरले. नातू, तिसरे आगाखान, यांच्या घोड्यांनी इंग्लंडची एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली, पहिल्यांदा 1930 मध्ये.

भायखळ्याच्या शर्यती 1878 पर्यंत चालल्या. तोवर शहर अंगावर आले होते. 1853 मध्ये रेल्वे भायखळ्यातून धावली, पुढच्या काही वर्षांत ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली, मजुरांच्या वस्त्या वाढल्या. सखल जागा शहराच्या केरकचऱ्याने भरल्या जात होत्या. शर्यती महालक्ष्मीला गेल्या. तिथले रेसकोर्स 1883 मध्ये सुरू झाले. 1896 च्या प्लेगनंतर आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आग्रीपाडा, नागपाड्यात रस्ते आणि घरे आखली. 1916 मध्ये भायखळा क्लबाच्या इमारतीत लष्करी अधिकाऱ्यांचे रुग्णालय झाले. 1930 च्या डिसेंबरात क्लॉड बॅटले यांनी आराखडा केलेले, अवघ्या 21 महिन्यांत बांधून झालेले मुंबई सेंट्रल स्थानक उघडले.

मैदानाचा मागमूस आज काहीच नाही. ना कठडा, ना पाटी. क्लबाचे नाव उरले आहे ते ‘बायकुला सुफ्ले’ या गोड पदार्थात. पाककृतींच्या इंग्रजी पुस्तकांत तो अजून सापडतो. एवढ्या मोठ्या जागेची खूण एका वाटीत मावावी, याचे मला वाईट वाटते. घरे झाली, स्थानक झाले, लाखो माणसांची सोय झाली. त्याबद्दल तक्रार नाही, मैदानापेक्षा माणसांची घरे मोठी. पण जागेचा इतिहास सांगणारा एक दगड बसवायला जागा कितीशी लागते?

हे आज म्हणायचे कारण महालक्ष्मी. तिथल्या जमिनीचा भाडेकरार 2013 मध्ये संपला. 2024 मध्ये राज्य सरकारने त्यातली 120 एकर जमीन उद्यानासाठी महापालिकेकडे आणि 91 एकर टर्फ क्लबकडे ठेवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे मुंबईचे दुसरे रेसकोर्सही आता रूप बदलते आहे. उद्यान आखताना शर्यतींचा इतिहास सांगणारा एक कोपरा तिथे ठेवावा आणि त्यात भायखळ्याचे नाव आधी लिहावे. मुंबई सेंट्रलच्या आगारातही एक साधी पाटी लागावी, मराठीत, उतरणाऱ्या प्रवाशाला दिसेल अशी. आणि आपल्या छावणीतल्या घोड्यांच्या, पागांच्या, नालबंदांच्या आठवणी ज्या घरांत अजून शिल्लक असतील, त्यांनी त्या आताच लिहून ठेवाव्यात.