सांत्वनाची घाई नसलेली कविता

दुखवट्याच्या घरी भेटायला गेल्यावर काय बोलावे, हे आपल्यापैकी अनेकांना उमगत नाही. मग ‘देवाची मर्जी’, ‘सुटले बिचारे’, ‘आता मुलांकडे बघून सावरा’ अशी ठेवणीतली वाक्ये बाहेर पडतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की आता रडणे आवरायला हवे.

अशा वेळी बायबलमधली जुनी कविता आठवते. बायबल म्हटले की स्तुती आणि उपदेश एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांतली बहुतेक शेवटी विश्वासाच्या सुराकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही. रात्रंदिवस हाका मारूनही देव तोंड का फिरवतो, हाच त्याचा सवाल. आणि मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द आहे ‘अंधार’. संकलन करणाऱ्यांना हे स्तोत्र वगळता आले असते. त्यांनी ते ठेवले.

‘विलापगीत’ हे छोटेसे पुस्तकही असेच. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम जिंकले, मंदिर जाळले आणि लोकांना कैद करून नेले. त्या राखेतून हे पाच अध्याय आले. भुकेल्या लेकरांचा आक्रोश त्यांत आहे, स्वतःच्या पापांची कबुली आहे आणि ‘हे तूच केलेस’ असे देवाला तोंडावर सांगण्याचे धैर्यही आहे. हिब्रू वर्णमालेत अक्षरे २२. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अध्यायांतली २२ कडवी त्या अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे ६६ ओळी. आभाळ कोसळले असताना कवी एकेक अक्षर धरून चालतो. पाचव्या अध्यायात कडवी २२ च आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे! मध्येच दयेची आशा उजळते खरी, पण शेवट होतो तो शंकेवरच.

ज्यू समाज अव महिन्याच्या नवमीला, मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनी, उपवास करून हे पुस्तक वाचतो. मंद उजेडात, जमिनीवर बसून. शेवटची ओळ फार कठोर म्हणून तिच्या आधीची ओळ पुन्हा म्हणतात. पण ती कठोर ओळ गाळत नाहीत. कोकणातल्या आपल्या बेने इस्रायलांमध्ये हा दिवस ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. अडीच हजार वर्षांपूर्वीचे दुःख वालाच्या बिरड्याच्या नावाने कोकणातल्या घरांत जपले गेले.

ईयोबाच्या कथेत त्याचे तीन मित्र भेटीला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. चुकतात ते तोंड उघडल्यावर. त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात तेव्हा. शेवटी देव रागावतो तो या शहाण्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र तो योग्य ठरवतो.

म्हणून पुढच्या वेळी दुखवट्याच्या घरी शब्द सुचले नाहीत, तर ओशाळू नये. जवळ बसावे. समोरचा रडला तर रडू द्यावे. देवाशी भांडला तर भांडू द्यावे. तेही प्रार्थनेचेच एक रूप आहे.