राबाची राख आणि कोळशाची राख

डहाणू-तलासरीच्या शेतकऱ्याला राखेचे भय नाही. पेरणीआधी तो पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून राब भाजतो. ती राख भाताच्या रोपांना पालाश देते. पण डहाणूतल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून कोळसा जळतो आहे, आणि कोळशाच्या राखेचा गुण वेगळा आहे.

कोळसा खाणीतून दगडमाती सोबत घेऊनच येतो. तिच्यात आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम अत्यल्प प्रमाणात असतात. भट्टीत कार्बन जळून जातो आणि हे धातू बहुतांशी राखेत उरतात. देशी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख निघते. म्हणजे कोळशात विखुरलेले धातू तिच्यात दुप्पट-तिप्पट दाट होतात. उघड्यावर साठवलेली राख वाऱ्याने उडते, पावसात वाहते. १६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले.

धातू कुजत नाहीत, जमिनीत साठत जातात. त्यात भाताचे पीक नाजूक. खाचरात पाणी तुंबले की मातीतले आर्सेनिक मोकळे होते. जमीन सुकली, आम्लधर्मी असली, की कॅडमियम मुळांना मिळते. जपानमध्ये कामिओका खाणीचे कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेले. तो भात खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केले. माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

डहाणूला कायद्याचे संरक्षण आहे. जून १९९१च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याच्या पाठपुराव्यामुळे धुरातला गंधक वायू धुऊन काढणारी यंत्रणा २००७ मध्ये बसली. हवेसाठी हा लढा मोलाचा ठरला. मातीसाठी तसाच आग्रह आता धरायला हवा.

कारण शेतकऱ्याच्या हातातली मृदा आरोग्य पत्रिका बारा गोष्टी सांगते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, पारा त्यात नाहीत. मोजल्याशिवाय कुणाला दोष देता येत नाही आणि निर्धास्तही राहता येत नाही.

उपाय आवाक्यातले आहेत. आम्लधर्मी जमिनीत चुना आणि भरपूर शेणखत घातले, तर कॅडमियम-शिसे मातीत बांधले जातात. कोळशाची राख तपासल्याशिवाय शेतात भरावाला घेऊ नये. कृषी विभागाने कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राला सोबत घेऊन दोन्ही तालुक्यांतली खाचरे, चिकूच्या वाड्या आणि विहिरी जड धातूंसाठी तपासाव्यात आणि निकाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावेत. शेतकऱ्यांनीही येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडावा.