टेकडी कुणाच्या पैशाने वाचणार?

विकास आराखड्याच्या नकाशात निवासी भाग पिवळा दाखवतात आणि टेकड्या हिरव्या. पुण्याचा नकाशा समोर धरला तर पिवळ्या पसाऱ्यातून हे हिरवे पट्टे डोकं वर काढताना दिसतात: पर्वती-तळजाई-पाचगाव, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, चतुःशृंगी, बाणेर-पाषाण, पलीकडे वारजे, धनकवडी, कात्रज. रोज सकाळी टेकडीवर जाणाऱ्या पुणेकराची समजूत अशी, की हे सगळं सरकारी आहे, म्हणजे आपलं आहे. सातबारा काढला की समजूत उतरते. काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही संस्थांचा आणि बराच मोठा भाग खासगी मालकांचा. जमिनीला हिरवा रंग दिला आहे, पण ती कुणी विकत घेतलेली नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तर टेकड्यांवरून होणारी बहुतेक भांडणं उलगडतात.

१९८७च्या आराखड्यात पुण्याने टेकड्यांसाठी डोंगरमाथा-डोंगरउतार असा स्वतंत्र विभाग केला आणि तिथल्या बांधकामावर कडक मर्यादा घातल्या. त्या काळाच्या मानाने हे धाडसच होतं. मग १९९७मध्ये आसपासची गावं महापालिकेत आली. शेवटी हद्दीत राहिलेल्या तेवीस गावांचा आराखडा करताना तिथल्या टेकड्यांचा प्रश्न उभा राहिला. उत्तर म्हणून 'बायोडायव्हर्सिटी पार्क'ची कल्पना पुढे आली. पुण्यात तिला कुणी जैवविविधता उद्यान म्हणत नाही, बीडीपी म्हणतात. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर. एका बाजूला पर्यावरणवादी संस्था आणि काही लोकप्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला जमीनमालक आणि त्यांच्यासाठी बोलणारे तितकेच लोकप्रतिनिधी. महापालिकेने प्रस्ताव सरकारकडे पाठवला, सरकारने बाकीचा आराखडा मंजूर केला आणि बीडीपीचं तेवढं बाजूला ठेवलं. अखेर मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१५मध्ये. गावं आली तेव्हा शाळेत दाखल झालेलं मूल एव्हाना नोकरीला लागलं होतं.

दरम्यान जमीन थांबली नव्हती. ज्याच्या सातबाऱ्यावर 'पुढे काय होईल सांगता येत नाही' अशी अदृश्य नोंद आहे, तो मालक काय करतो? एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडतो आणि ज्यांना शहरात घर परवडत नाही त्यांना विकतो. घेणारा दोन खोल्या बांधतो, वीज घेतो, मतदार होतो. मग तिथे पाण्याची लाइन जाते, काँक्रीटचा रस्ता होतो आणि नगरसेवकाच्या नावाची कमान उभी राहते. नकाशावर मात्र तो भाग हिरवाच. टेकडी फोडणारा म्हणून आपण बिल्डरकडे बोट दाखवतो, आणि ते पुष्कळदा बरोबरही असतं. पण उतारावरची बरीचशी जागा या गुंठेवारीने गिळली. तिच्या मुळाशी अनिर्णय होता, हे मान्य करायला कुठलाच पक्ष तयार नसतो.

इथे झोन आणि आरक्षण यांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण सभांमध्ये हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. झोन म्हणजे या जमिनीवर काय करता येईल आणि काय नाही, याचा नियम. मालकी बदलत नाही आणि भरपाईही मिळत नाही. आरक्षण म्हणजे ही जमीन सार्वजनिक कामासाठी लागणार आहे, ती आम्ही घेणार आहोत, असं प्रशासनाने दिलेलं आश्वासन. आश्वासन दिलं की पैसे आले. जुन्या हद्दीतल्या टेकड्या झोनमध्ये आहेत. बीडीपी हे आरक्षण आहे.

पैसे देण्याचे मार्ग दोन. रोख द्यायचे तर २०१३च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभावाच्या साधारण दुप्पट रक्कम द्यावी लागते. महापालिकेची तिजोरी पाहता हजारभर हेक्टरसाठी ते स्वप्नच म्हणायचं. दुसरा मार्ग टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा. मालकाने जमीन महापालिकेला द्यायची, त्या बदल्यात बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो आणि तो शहरात दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. टेकडीवर न झालेलं बांधकाम सपाटीवर होतं. कल्पना चांगली आहे. पण बीडीपीसाठी हा मोबदला ठरला आठ टक्के. एक हजार चौरस मीटर जमीन दिली तर ऐंशी चौरस मीटरचा हक्क. रस्त्यासाठी किंवा शाळेसाठी गेलेल्या सपाटीवरच्या जमिनीला २०१६च्या नियमांनुसार दाट वस्तीबाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. टेकडीच्या उतारावर तसंही पूर्ण बांधकाम होऊ शकत नव्हतं, त्यामुळे मोबदला कमी असणं समजण्यासारखं आहे. तरी आठ टक्के पाहून स्वखुशीने सातबारा देणारे मालक रांग लावतील, अशी अपेक्षा ज्यांनी केली त्यांच्या आशावादाला नमस्कार. त्यात सरकार आणि महापालिका अधिमूल्य घेऊन जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणारा बांधकामाचा हक्क, स्वतःच विकतात. बिल्डरला तो खिडकीवर मिळत असेल तर टेकडीवाल्याच्या टीडीआरला भाव कुठून येणार?

शिवाय घड्याळ चालू असतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६मधलं, कायद्यातलं सर्वांत महाग म्हणावं असं, १२७वं कलम सांगतं, की आरक्षणाखालची जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं समजायचं. मग लगतच्या जमिनीवर जे चालतं ते इथेही चालू शकतं. मालकाच्या दृष्टीने कलम न्याय्यच आहे. कुणाची जमीन जन्मभर ओलीस ठेवता येत नाही. पण ऑगस्ट २०१५मध्ये दहा मिळवून पाहा.

कागदी संरक्षण कसं वितळतं याचा धडा मुंबईने आधीच दिला आहे. १९९१च्या नियमावलीतल्या नियम ५८ने गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी केली होती: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाली. मैदानांच्या वाट्याची जागा एकदम आक्रसली. उच्च न्यायालयाने २००५मध्ये वेगळा निर्णय दिला, पण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगावात आज टॉवर आहेत, मॉल आहेत. मैदान शोधावं लागतं.

उलट उदाहरण आहे ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहराचं. रॉकी पर्वताच्या पायथ्याचं, लाखभर वस्तीचं हे विद्यापीठाचं गाव. १९५९मध्ये तिथल्या मतदारांनी ठरवलं, की ५,७५० फुटांच्या वर शहराचं पाणी द्यायचं नाही. बांधकामावर बंदी घालण्याऐवजी त्यांनी नळ थांबवला. १९६२मध्ये डोंगरावरच्या एका पठारावर आलिशान हॉटेल येणार असं दिसताच कर्जरोख्यांना मत देऊन ते पठारच विकत घेतलं. आणि १९६७मध्ये विक्रीकर वाढवायला स्वतःहून होकार दिला. डॉलरमागे एक सेंट कर, त्यातले चाळीस टक्के मोकळ्या जागा खरेदीसाठी आणि साठ टक्के रस्ते-वाहतुकीसाठी. मोकळ्या जमिनीसाठी स्वतःवर असा कर लावून घेणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर मानलं जातं. रस्ता हवा म्हणणारा आणि डोंगर हवा म्हणणारा एकाच मतपत्रिकेवर आले, ही त्यातली खरी हुशारी. आज त्या शहराकडे सुमारे ४६ हजार एकर जमीन आणि दीडशे मैलांवर पायवाटा आहेत. काही जमीन तर शेतकऱ्यांनाच कसायला भाड्याने दिली आहे.

पण बोल्डरची आरती ओवाळणाऱ्यांनी पुढचंही सांगावं. १९७१मध्ये त्यांनी इमारतींची उंची ५५ फुटांवर रोखली, १९७६मध्ये वर्षाला नव्या घरांच्या संख्येवर मर्यादा आणली. भोवती हिरवा पट्टा, वर उंचीची मर्यादा, मधे मागणी वाढती. स्वतंत्र घराची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. तिथला शिक्षक, परिचारिका, हॉटेलातला स्वयंपाकी बाहेरच्या गावांत राहतो आणि हजारोंच्या संख्येने रोज गाडी काढून शहरात येतो. डोंगर वाचला, तो बघत राहण्याची ऐपत थोड्यांकडे उरली. मोकळी जागा राखायची तर वाढीला दुसरीकडे जागा द्यावीच लागते. ती दिली नाही तर वाढ थांबत नाही, हिरव्या पट्ट्याच्या पलीकडे उडी मारते.

पुण्यात ती जागा कागदावर आहे. मेट्रो स्थानकांच्या पाचशे मीटर परिघात चारपर्यंत एफएसआय देणारं धोरण २०१९मध्ये मंजूर झालं. टेकडीचा टीडीआर प्राधान्याने तिथेच खर्ची पडला पाहिजे आणि त्याला अधिमूल्याच्या एफएसआयपेक्षा आधीचा नंबर मिळाला पाहिजे, असं माझं मत आहे. म्हणजे स्थानकाजवळ उंच इमारत आली की कुठल्या तरी उतारावरचा सातबारा महापालिकेच्या नावावर होईल. अर्थात उंच इमारतींनाही विरोध करणारे आणि टेकडीसाठी मोर्चात चालणारे पुष्कळदा एकच असतात. दोन्ही मागण्या एकत्र चालत नाहीत, एवढं आपण आपल्या मित्रमंडळींत बोलायला हरकत नाही.

मोर्चावरून आठवलं. एप्रिल २०२३मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली. कारण होतं बालभारती ते पौड फाटा हा साधारण दोन किलोमीटरचा प्रस्तावित रस्ता आणि टेकडीच्या पोटातून जाणारे बोगदे. विधी महाविद्यालय रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाची चिडचिड खरी आहे. पण नवा रस्ता काही वर्षांत पुन्हा भरतो आणि कापलेला उतार भरून येत नाही, हे दोन्ही पुण्याने पाहिलं आहे. या टेकड्या म्हणजे फिरायची जागा एवढंच नाही, पावसाचं पाणी आधी तिथे मुरतं किंवा तिथून धावतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा फुगला, सोसायट्यांच्या भिंती पडल्या आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. फोडलेले उतार आणि ओढ्यात सरकलेली बांधकामं यांचा हिशोब त्या रात्री लागला.

पायवाटांकडे तर आपलं लक्षच नसतं. वेताळाच्या देवळाकडे जाणारी कुठलीही वळणदार वाट पावसाळ्यानंतर निरखून पाहा. वाटेवरून पाणी वाहतं, मुरूम निघतो, खालचा काळा दगड उघडा पडतो. चिखल टाळायला माणसं कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, वाट दुप्पट रुंद होते. वळण चुकवणारे आडवाटा पाडतात आणि पुढच्या पावसात त्या आडवाटांचे ओहोळ होतात. यावर उपाय साधे आहेत: पाणी बाजूला काढणाऱ्या दगडी आडव्या ओळी, आडवाटांवर काटेरी फांद्या, भर पावसात एखादी वाट महिनाभर बंद. बोल्डरमध्ये चिखल झाला की पायवाट बंद करतात, आणि ससाणे-गरुडांच्या विणीच्या महिन्यांत कड्यांकडच्या काही वाटाही. आपल्याकडे वाट खराब झाली की सुशोभीकरणाचं टेंडर निघतं. मग पेव्हर ब्लॉक येतात, दिवे येतात, ओपन जिम येते, आणि माळरानावरच्या टिटवीला दुसरं माळरान शोधावं लागतं. टेकडीला बाग करू पाहणारा माणूस तिचा हितचिंतक असतो, हीच अडचण आहे.

आता पुढचं. बीडीपी आणि डोंगरउतारांवर काय करायचं, यासाठी राज्य सरकारने २०२५मध्ये अभ्यास समिती नेमली. त्याच वर्षी पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेशाचा, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडाही सरकारने रद्द केला. म्हणजे पुण्याभोवतीच्या डोंगरांचं भवितव्य पुन्हा नकाशावर मांडलं जाणार. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. बहुतेक जण आपल्या घरावर रस्ता आला का एवढंच पाहतात आणि नकाशा मिटतात.

या वेळी आराखड्याच्या अहवालातलं खर्चाचं प्रकरणही उघडा. किती हेक्टर टेकडी झोनमध्ये आहे आणि किती आरक्षणात, ती घ्यायला लागणारे पैसे किंवा टीडीआर कुठून येणार, दर वर्षी किती जमीन ताब्यात घेणार, याचं उत्तर तिथे नसेल तर तीच तुमची हरकत. साध्या कागदावर, सर्व्हे नंबर टाकून लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.