सणाच्या ताटात चमचाभर तेलाचं भरीत

अशोक विजयादशमीला घरोघरी खीर, पुरी, भजी होतात. वस्त्यांत फिरताना आम्हाला दिसतं, की बीपी-शुगर असलेल्या आजीला त्या दिवशी वेगळं, फिकं वाढलं जातं. नाहीतर 'आज सण आहे' म्हणून ती सगळंच खाते. म्हणून एक भाजी अशी करा, जी सगळे मिळून खातील: आपलं वांग्याचं भरीत.

चौघांसाठी दोन मोठी वांगी घ्या. उभी चीर देऊन आत कीड नाही ना, ते पाहा. चिरेमुळे वांगं फुटतही नाही. अंगणात, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या विस्तवावर भाजा. जाळ पेटवायला प्लॅस्टिक टाकू नका. तो विषारी धूर लेकरांच्या छातीत जातो. साल काढून भाजलेली मिरची, लसूण, कांद्याची पात, सांबार घालून ठेचा. तेल एक चमचा, मीठ अर्धा लहान चमचा. वर लिंबू पिळा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत मीठ खावं. पापड-लोणच्याचं मीठही त्यातच धरा.

भरीत खाल्लं म्हणून गोळी सुटत नाही. सणाच्या दिवशीही ती वेळेवर द्या, आणि आजीला सगळ्यांसोबत पंगतीला बसवा.