गंजाखालचा पत्रा: जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धारातील पहिली पायरी

जुन्या मोटारीवरील रंग आणि गंज उतरवणे हे नव्या रंगाच्या आधीचे हमाली काम मानण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात मूळ गाडीतले किती उरणार आणि किती कायमचे जाणार, याचा निर्णय याच टप्प्यावर होतो. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वाधिक भिडतो तो कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेल्या फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या बाबतीत. या गाड्यांना वेगळी चौकट नाही. घडवलेले पत्रे एकमेकांना जोडून केलेला सांगाडाच सारा भार वाहतो, त्यामुळे तळाचा किंवा दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्यांचा पत्रा कुजला की गाडीची ताकदच खचते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते, मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे; कुजका भाग वाचवायचा की कापून काढायचा, या प्रश्नाला त्यामुळे कायद्याचीही बाजू आली आहे.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो आणि खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे ही विद्युत-रासायनिक क्रिया अधिक वेग घेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात तो साठला की सांधाच फुगतो आणि बाहेरच्या रंगाला पोपडे येतात. पोपडा दिसतो तेव्हा आतले नुकसान बहुधा जुने असते. याउलट उघड्या भागावरचा तांबूस थर दिसायला भयंकर, पण पुष्कळदा वरवरचाच असतो.

रासायनिक रिमूव्हर रंगाचा थर फुगवून सोडवतो, गंजाला मात्र हात लावत नाही. यातील सर्वांत परिणामकारक घटक म्हणजे मेथिलिन क्लोराइड; तो सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे बंद खोलीत त्याची वाफ चटकन साठते, आणि अशा वाफेने कामगार दगावल्यामुळे अमेरिकेने २०१९ मध्ये रंग उतरवण्यासाठी त्याची किरकोळ विक्री बंद केली. जुन्या रंगांत शिसेयुक्त रंगद्रव्ये असण्याची शक्यता असल्याने कोरडे घासून धूळ उडवण्यापेक्षा ओला पॉलिश पेपर वापरणे शहाणपणाचे, पण तो रस्ता लांबचा असल्यामुळे सहसा कोणी धरत नाही. घाई झाली की ग्राइंडर हाती येतो आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याचा चांगला भागही गंजाबरोबर निघून जातो.

वाळूच्या माऱ्याने, म्हणजे सँडब्लास्टिंगने, गंज खड्ड्यांतूनही निघतो. पत्रा वाकला की गॅरेजमध्ये उष्णतेला बोल लावला जातो. खरे मोठे कारण वेगळे आहे. कणांच्या आघाताने पत्र्याची एक बाजू ठोकली जाऊन ताणली जाते आणि बॉनेट वा छत यांसारखे रुंद, सपाट भाग लाटांसारखे उठतात. शिवाय सिलिका असलेल्या वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी धातूचे ओतीव भाग व इतर वस्तू साफ करण्यासाठी अशी वाळू वापरण्यास मनाई केली होती. खाण्याच्या सोड्याचा मारा सौम्य असतो आणि अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या १९८० च्या दशकातील दुरुस्तीत आतील डांबरी लेप काढण्यासाठी तो वापरला गेला होता. मात्र तो गंज जेमतेमच काढतो आणि मागे राहिलेला सोडा नीट धुतला नाही तर प्रायमर धरत नाही.

संपूर्ण सांगाडा आम्लात बुडवण्याचा मार्ग आकर्षक वाटतो, कारण हात न पोचणाऱ्या पोकळ्यांतही द्राव पोचतो. धोकाही तिथेच आहे, कारण दुमडलेल्या सांध्यात अडकलेले आम्ल पुढे नव्या रंगाखाली झिरपत राहते. सुट्या भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणातून एकदिश विद्युतप्रवाह सोडण्याची पद्धत अधिक भरवशाची ठरते. गंजलेला भाग ऋण टोकाला आणि लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडल्यावर शाबूत धातू खरवडला न जाता गंज सुटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील मात्र कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात. बाहेर पडणारा हायड्रोजनही स्फोटक असल्याने हे काम मोकळ्या हवेतच करावे लागते.

उघडा पडलेला पत्रा कोकणच्या दमट हवेत पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो, म्हणून सारी गाडी एका दमात सोलण्यापेक्षा एकेक भाग सोलून, तेलकटपणा पुसून, लगेच इपॉक्सी प्रायमरने झाकावा. फॉस्फरिक आम्लयुक्त गंजरोधकाने लोखंडी फॉस्फेटचा थर बसतो खरा, परंतु उरलेले आम्ल धुवून काढल्याशिवाय त्यावर इपॉक्सी मारला तर तो सुटण्याची भीती असते. लांबी भरण्याची वेळ यानंतर येते. आणि ज्या पोकळ पट्ट्यांपासून कुजणे सुरू झाले, त्यांच्या आत बाहेरचा रंग वाळल्यावर मेणयुक्त द्रव फवारून घ्यावा लागतो, जे काम रंगाच्या बिलात सहसा नोंदलेलेच नसते.