स्टेपनीची जागा

नागपुरात पंक्चरच्या दुकानात ‘स्टेपनी’ म्हटले की जादा चाक असेच समजले जाते. हे नाव मात्र वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आले.

नागपूरला एम्प्रेस मिल उभारणारे जमशेटजी टाटा मोटार बाळगणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी. तेव्हा जादा चाक ही कल्पनाच नव्हती. लाकडी चाके रस्त्यात सहज निघत नसत. टायर उपसून, ट्यूबला ठिगळ लावून, पुन्हा हवा भरावी लागे. आणि घोड्यांच्या नालांचे खिळे तर वाटेत पडलेलेच असत. १९०४ साली लानेल्लीच्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी बिनआऱ्यांचे, हवा भरलेल्या टायरचे कडे बनवले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून आवळायचे आणि जपून मुक्काम गाठायचा. एरवी ते फूटबोर्डावर बांधून ठेवले की काम भागे.

पुढे तारांच्या आऱ्यांची, सुटी होणारी चाके आली आणि स्टेपनी म्हणजे पूर्ण, वजनदार चाक झाले. ते ठेवायचे कुठे? मागे लावावे तर सामानाच्या पेट्यांची जागा जाते. मागच्या दाराशी लावावे तर मालकाची वाट अडते. उरली चालकाची बाजू. रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टसारख्या गाड्यांत गिअर आणि हँडब्रेकचे दांडे चालकाच्या उजव्या हाताला असत, म्हणजे तिकडून चढणे मुळातच अडचणीचे. चाक तिथेच विसावले. कित्येक गाड्यांना त्या बाजूला पुढचे दारच नसे. चालकाने डावीकडून चढून सरकत जागेवर यायचे.

१९२० नंतर बॉनेट लांबले. पुढच्या मडगार्डात खळगा करून चाक बसू लागले. ऐटदार गाड्यांना दोन्हीकडे एकेक. १९३० च्या दशकात सामानाची जागा गाडीच्या अंगातच आली, तसे चाकही हळूहळू आत, डिकीत गेले.

म्हणून जुनी गाडी दुरुस्त करताना चालकाच्या दारातले चाक गैरसोयीचे वाटले, तरी हलवू नये. मालकांची नावे दप्तरांत आणि छायाचित्रांखाली मिळतात, चालकांची क्वचितच. त्या गाडीत कोणाची सोय पाहिली आणि कोणाची अडचण चालवून घेतली, हे ते चाकच सांगते. ते सरकवले की गाडी चकाकेल, साक्ष मात्र पुसली जाईल.