नोंद सक्तीची, वारसा शून्य

उत्तराखंडचा समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५ रोजी लागू झाला, तेव्हा सर्वाधिक गाजलं ते लिव्ह-इनच्या नोंदणीचं कलम. नोंदणीविना महिन्याहून अधिक काळ एकत्र राहिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड! खासगीपणावरून वाद झडले, याचिका दाखल झाल्या. पाठोपाठ गुजरातनेही अशाच कायद्यासाठी, उत्तराखंडच्या मसुदा समितीच्या अध्यक्ष असलेल्या न्या. रंजना देसाई यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. या गदारोळात एक प्रश्न मात्र मागेच पडला. रीतसर नोंद केलेल्या जोडप्यातलं एक जण मृत्युपत्र न करता गेलं, तर दुसऱ्याला काय मिळतं?

काहीही नाही. या संबंधातून झालेलं मूल औरस ठरतं, सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते. पण वारसांच्या यादीत जोडीदार नाही.

अन्य राज्यांतही हिंदू वारसा कायदा, १९५६ याच वाटेने जातो. पुरुषाच्या पश्चात पहिला हक्क आई, विधवा पत्नी आणि मुलांचा. ते नसतील तर वडील, मग भावंडं, त्यापुढे दूरदूरचे भाऊबंद. अविवाहित, निपुत्रिक स्त्रीची मिळकत आईवडिलांकडे जाते. कुणीच उरलं नाही, तर कलम २९ प्रमाणे सारं सरकारजमा होतं. वीस वर्षं एका घरात संसार केलेल्या माणसाला या रांगेत जागा नाही. सरकारला मात्र आहे.

‘पण सर्वोच्च न्यायालयाने लिव्ह-इनला हक्क दिलाय ना?’ असं हमखास विचारलं जातं. न्यायालयाने म्हटलं ते वेगळं आहे. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नीसारखे राहिले आणि समाजानेही त्यांना तसंच मानलं, तर त्यांचं लग्न झालं असावं असं न्यायालय गृहीत धरतं. ते नाकारणाऱ्याने पुरावा द्यायचा. १९७८च्या बद्रीप्रसाद खटल्यात सुमारे ५० वर्षांचा सहवास होता. २०१५च्या धन्नूलाल खटल्यातही हेच तत्त्व लावलं गेलं. म्हणजे हक्क मिळतो तो विवाहित मानल्यामुळेच. ‘आम्ही लग्न केलेलं नाही’ असं उघड सांगणाऱ्यांना हा दरवाजा बंद. आणि उत्तराखंडच्या जोडप्याने तर ते सरकारदरबारी लिहूनच दिलेलं आहे! मग लग्नाचं गृहीतक टिकणार कसं? प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्यालाच तिचा फटका बसण्याची ही शक्यता गंभीर आहे.

दुसरा गैरसमज नॉमिनीचा. बँकेच्या अर्जात जोडीदाराचं नाव भरलं, सोसायटीत नामनिर्देशन केलं, की काम झालं असं अनेकांना वाटतं. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केलं, की शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नामनिर्देशनामुळे नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क अबाधित राहतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीतही नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व. समलिंगी जोडप्यांना तर लग्नाचाही पर्याय नाही. संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नसल्याचं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. त्यातूनही वारसाहक्क निर्माण होत नाही.

वैध मृत्युपत्राअभावी काय होतं, हे स्वीडनमध्ये जगाने पाहिलं. ‘मिलेनियम’ कादंबऱ्यांचे लेखक स्टीग लार्सन २००४ मध्ये ५०व्या वर्षी हृदयविकाराने गेले. पुस्तकं छापून येण्याआधीच. वास्तुविशारद एवा गाब्रिएलसन ३२ वर्षं त्यांच्यासोबत होत्या. लग्न का नव्हतं? लार्सन अतिउजव्या संघटनांचा माग काढणारे पत्रकार. त्यांना धमक्या येत. लग्नामुळे सरकारी नोंदींतून पत्ता उघड होईल, ही भीती होती, असं एवा सांगतात. पुढे कादंबऱ्या कोट्यवधींनी खपल्या आणि सारे हक्क वडील व भावाकडे गेले. लार्सन यांचं १९७७चं एक मृत्युपत्र सापडलं होतं, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्याच नव्हत्या. ते रद्दबातल ठरलं.

यावर उपाय आहेत. इंग्लंडमध्ये मृत्यूपूर्वी सलग दोन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीदाराला न्यायालयाकडे निर्वाहाची तरतूद मागता येते. स्कॉटलंडनेही २००६च्या कायद्याने मिळकतीत हिस्सा मागण्याची वाट खुली केली. हक्क आपोआप मिळत नाही, पण दाद मागायला जागा असते. जोडप्याकडून नोंद आणि शिस्त मागणाऱ्या सरकारने निदान एवढं तरी द्यायलाच हवं.

तोवर लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनी मृत्युपत्राची चालढकल करू नये. त्याला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साधा कागदही चालतो. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांश मिळकतीपुरतीच मोकळीक आहे आणि गोव्यात मुलं किंवा आईवडील असल्यास निम्मा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो, एवढं हे कायदे लागू असणाऱ्यांनी वकिलाकडून तपासून घ्यावं. बाकीच्यांनी हा कागद याच महिन्यात करावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या न विसरता घ्याव्यात.